खिशातली गळती

शिवणकाम करणाऱ्या बाईचा एक डोळा कायम सुईवर असतो. काकूंचा दुसरा डोळा गेल्या वर्षभरापासून एका निळ्या ठिपक्यावर होता.

तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचं शिवणयंत्र. उजव्या हाताला रिळांचा डबा आणि डब्याला टेकून उभा केलेला मोबाइल. कुणी पँट आखूड करायला येई, कुणी कोटाचं अस्तर बदलायला, कुणी अंगाने सुटलेल्या नवऱ्याचा शर्ट सैल करायला. माप देता देता मोबाइलकडे नजर गेली की गिऱ्हाईक विचारी, "काकू, मालिका बघताय होय?"

"हो ना. एकच नट आहे. दिवसभर नुसता चालतो."

गिऱ्हाईक हसे, काकूही हसत. गिऱ्हाईक वळलं की मान पुन्हा रिळांच्या डब्याकडे.

तो नट म्हणजे त्यांचे यजमान. पाणीखात्यात मीटर वाचण्यात त्यांची सारी नोकरी गेली, म्हणून अख्ख्या वस्तीचे मीटरकाका. हातात लोखंडी हूक, खांद्याला झोळी. घरापुढचं लोखंडी झाकण बुटाने पुसायचं, हुकाने उचलायचं, गुडघ्यावर बसून काचेवरची ओल अंगठ्याने निपटायची, आकडे वाचायचे, झाकण होतं तसं बसवायचं आणि पुढच्या घरी. निवृत्त झाले आणि दोनएक वर्षांत डोकं गळायला लागलं. आधी माणसांची नावं गेली. मग वार गेले. मग आपण जेवलो की नाही ते जाऊ लागलं. पाय तेवढे शाबूत राहिले. सकाळी चहा झाला की बूट घालून, छत्री घेऊन निघायचे, दुपारच्या जेवणाला परतायचे. कुठे जाऊन आलात विचारलं तर म्हणायचे, "ड्युटीवर."

मागच्या थंडीत एकदा ते ड्युटीवरून परतलेच नाहीत. संध्याकाळ उलटताना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका बंद कारखान्याच्या पायरीवर सापडले. एका पायात बूट, दुसरा अनवाणी, तळव्यात काच शिरलेली. तिथल्या रखवालदाराने शेजारी बसवून पाणी पाजलं होतं. काकू धापा टाकत पोचल्या, तर काका त्यांच्याकडे बोट करून रखवालदाराला म्हणाले, "या बाईंना विचारा. यांना माहीत असेल रस्ता."

ते वाक्य काकूंच्या काळजात टाचणीसारखं राहून गेलं.

मुलगा धावत आला. त्याला थोरला म्हणायचे. धाकटा यायचा राहूनच गेला, पण थोरला थोरलाच राहिला. दुसऱ्या शहरात नोकरी, आठव्या मजल्यावर घर. बापाच्या पायाची पट्टी बघून तो म्हणाला, "आई, आज देवाने राखलं. पुन्हा असं झालं ना, तर दाराला कुलूप. नाहीतर बाबांना मी घेऊन जाणार."

कुलूप काकूंनी लावून पाहिलं. पायाची जखम भरेपर्यंत दाराला आतून कुलूप होतं, आणि काका दिवसभर दारापाशी उभे राहायचे, कडीवर हात ठेवून. भांडण नाही, आरडाओरडा नाही. चहा तिथेच गार व्हायचा. तेवढ्या दिवसांत त्यांच्या अंगावरचे कपडे सैल झाले, आणि सैल कपडा काय सांगतो हे शिवणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

मग तडजोड म्हणून फोन आला. थोरल्याने काकांसाठी एक साधासा स्मार्टफोन घेतला आणि त्यात एक अ‍ॅप टाकलं. काका कुठे आहेत ते काकूंच्या आणि त्याच्या स्वतःच्या फोनवर, नकाशात निळ्या ठिपक्याने दिसायचं. पण काका हातातली वस्तू कुठल्याही कट्ट्यावर ठेवून पुढे जाणारे. म्हणून काकूंनी त्यांच्या प्रत्येक शर्टाला आतून, डाव्या बाजूला एक खिसा शिवला. जाड कापडाचा, वर झडप, झडपेला घट्ट काजाचं बटण. काकांच्या बोटांना ते उघडत नसे. सकाळी बटण लावताना काकू मनात देवाचं नाव घ्यायच्या, दुपारी बटण काढताना पुन्हा घ्यायच्या. मधला वेळ ठिपक्याचा.

सुरुवातीला तो ठिपका आळशी होता. बऱ्याच वेळाने एखादी उडी मारायचा, की पुन्हा ढिम्म. बघण्यासारखं काही नसायचं, म्हणून काकू दोन-चारदा बघून कामाला लागायच्या. मग एका रविवारी थोरला आला आणि फोन अपडेट करून गेला.

"आता बघ आई, एकदम नवीन झालंय. इथे दाबलं ना, की त्या क्षणाला बाबा कुठे आहेत ते येतं."

खरंच येऊ लागलं. दाबलं की एक बारीक वर्तुळ फिरायचं आणि ठिपका जागेवर जाऊन बसायचा. बेकरीचा कोपरा. शाळेची भिंत. चौकातला बाक. पुन्हा दाबलं की पुढचं घर. धागा तोडला, दाबलं. रीळ बदललं, दाबलं. काकूंना वाटलं, देवाने दुसरे डोळे दिले.

पण अपडेट झाल्यापासून काकांचा फोन तग धरेना. आधी दुपारी खिशातून काढला की अर्ध्याहून जास्त बॅटरी शिल्लक असायची. आता काढावा तर तव्यासारखा तापलेला, आणि कोपऱ्यात बॅटरीची लाल रेघ. शर्टाला आतून घाम आणि फोनची ऊब. काकू काकांच्या छातीवरून हात फिरवत म्हणायच्या, "भाजत नाही का हो?" काका म्हणायचे, "काय?"

आणि एका सकाळी ठिपका निळ्याचा राखाडी झाला.

काकूंच्या हातात कुणाच्या तरी लेकीचा पांढरा फ्रॉक होता. सुई बोटात गेली ते कळलं नाही. फ्रॉकवर लाल थेंब उमटला तेव्हा कळलं. फोन मेला होता. राखाडी ठिपका म्हणजे इथे होते. आता कुठे आहेत ते जगात कुणालाच ठाऊक नाही. काकू दारापर्यंत गेल्या आणि चौकट धरून उभ्याच राहिल्या. डावीकडे धावावं की उजवीकडे? कारखान्याची ती पायरी डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. काका. छत्री काखेत. "भूक लागली," म्हणाले.

हे त्यांनी थोरल्याला सांगितलं नाही. फोनवर एवढंच म्हणाल्या, "अरे, तो अपडेट केल्यापासून बॅटरी फार लवकर उतरते रे."

"नवीन अपडेटनंतर चार दिवस तसं होतं, आई. बसेल जागेवर." मग जरा थांबून, "काही झालं नाही ना?"

"छे. काय व्हायचंय?"

"नाही, सहज."

चार दिवस गेले, आणखी गेले. बॅटरी काही जागेवर बसेना. वरच्या मजल्यावरच्या बाई सल्ले द्यायला कायम तयार. "स्क्रीनचा उजेड कमी करून बघा."

"खिशात कुणाला उजेड दाखवतोय तो?"

"मग बंद करून पुन्हा चालू करा."

"केलं."

"मग थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. माझा भाचा ठेवतो."

"फोन ठेवीन हो. भाच्याला तेवढं बाहेर काढा आधी."

वरच्या बाई खो खो हसल्या. काकू तोंडाने हसल्या. आत भीतीने घर केलं होतं, आणि तिला भाडंही द्यावं लागत नव्हतं. रोज सकाळी बटण लावताना मनात एकच. आज कुठे राखाडी होईल?

शेवटी काका दुपारी झोपलेले बघून काकू फोन घेऊन वस्तीतल्या रेडिओवाल्याकडे गेल्या. रेडिओ केव्हाच गेले, आता तो मोबाइल दुरुस्त करायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. कपाळावर भिंग, ओठांत एखादा स्क्रू आणि जीभ तिखट.

"कुणाचा फोन?"

दुकानात आणखी दोघं उभे होते. काकांचं डोकं चालत नाही हे काकूंनी वस्तीत कुणाला धड सांगितलं नव्हतं. 'फिरायची सवय आहे त्यांना' एवढंच. विरलेल्या कापडाला आतून पट्टी लावावी, बाहेरून कुणाला दिसू नये, तशी त्यांनी ती गोष्ट झाकून ठेवली होती.

"माझाच," काकू म्हणाल्या.

"काय काय चालवता याच्यावर?"

"काही नाही. पडून असतो. फोन आला तर घ्यायचा."

"मग पडून असणाऱ्याला जागं कशाला ठेवायचं?" त्याने बॅटरी बचत लावली, आतलं जे जे चालू होतं ते ते झोपवलं. "आता स्क्रीन बंद झाली की हा गाढ झोपेल. फोन आला तरच उठेल. उद्या चार्जर शोधायचं कामच नाही."

काकूंना हायसं वाटलं. घरी जाताना त्यांनी मनातल्या मनात देवाला आणि रेडिओवाल्याला एकदमच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ठिपका निळाच होता. चौकातल्या बाकावर. काकूंनी दाबलं, वर्तुळ फिरलं, ठिपका तिथेच. बसलेत. बसू देत, पाय दुखत असतील. कोटाचं अस्तर अर्धं झालं. दाबलं, बाक. बाही लागली. दाबलं, बाक. खूप दिवसांनी काकूंच्या तोंडात गुणगुण आली. अस्तर पूर्ण झालं, इस्त्री फिरली, आणि इस्त्री उभी करता करता त्यांच्या मनात आलं, ड्युटीवरचा माणूस इतका वेळ बसतो कधी?

चष्मा नाकावर ओढून त्यांनी ठिपक्याखालची बारीक ओळ पहिल्यांदा नीट वाचली. तिथे वेळ लिहिली होती. काका घरातून निघाले त्याच्या थोडी नंतरची. आणि आता तर जेवणाची वेळही टळून गेली होती. इतका वेळ त्या एका मेलेल्या ठिपक्याची राखण करत बसल्या होत्या.

त्यांनी काकांचा नंबर लावला. वाजला. वाजतच राहिला. कुठेतरी, काकांच्या छातीशी, झडपेच्या आत वाजत होता. ते बटण काकूंनी स्वतःच्या हाताने लावलं होतं, काकांना उघडता येऊ नये असं.

गळ्यात मापाची टेप तशीच, पायात एका जोडाची एक आणि दुसऱ्या जोडाची एक चप्पल, अशा काकू निघाल्या. बाक रिकामा. बाकाशेजारी न्हाव्याचं दुकान.

"मीटरकाका? ते सकाळीच गेले की. मला म्हणाले, तुमचं मीटर उलटं फिरतंय, तब्येतीला जपा."

"कुठल्या बाजूला गेले?"

"हातात वस्तरा, वस्तऱ्याखाली गिऱ्हाईकाचा गळा. मान कशी वळवू, काकू?"

काकूंना हसू आलं नाही. त्यांनी फोन काढला. थोरल्याचं नाव समोर आलं. बोट त्याच्यावर धरलं, आणि दाबेना. दाबलं तर कुलूप. कडीवरचा तो हात, दारात गार होणारा चहा. न दाबलं आणि तिकडे काका कुठल्या गाडीखाली, कुठल्या खड्ड्यात... चौकात, रहदारीच्या मधोमध, काकू ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "देवा, कुलूप नको, आणि त्यांच्या पायाला काचही नको. दोन्ही मागते आहे. रागावू नकोस." मग ठरवलं, समोरचा रस्ता संपेपर्यंत शोधायचं. तिथे नसले तर थोरल्याला सांगायचं, मग होईल ते होवो.

समोरच्या रस्त्यावर जलवाहिनीसाठी खोदकाम चाललं होतं. खिडक्या, पायऱ्या, झाडांची पानं, सगळ्यावर मातीचा पिवळट थर. काकू खाली मान घालून पळत होत्या, म्हणून दिसलं. एका घरापुढचं मीटरचं लोखंडी झाकण स्वच्छ होतं. काळंभोर, बुटाने पुसल्यासारखं. पुढच्या घरापुढचंही. त्याच्या पुढचंही.

काकू झाकण ते झाकण चालू लागल्या. एका ठिकाणी तो माग रस्ता ओलांडून गेला, काकूही गेल्या, मागून गाडीवाला ओरडला. पुन्हा झाकण, पुन्हा झाकण. मग लाल-पांढरी पट्टी आली, मधोमध तुटलेली, वाऱ्यावर फडफडणारी. पट्टीच्या अलीकडे शेवटचं पुसलेलं झाकण. पलीकडे खड्डा.

खड्डा माणसाच्या उंचीपेक्षा खोल होता. तळाला गढूळ पाणी. काकूंनी पट्टीचं टोक मुठीत धरलं आणि डोळे मिटून घेतले. बघायचं धैर्य होईना. पाऊल पुढे पडेना, मागेही पडेना.

"अहो आजोबा, बास करा की आता! माझी रोजी बुडवताय तुम्ही!"

आवाज मातीच्या ढिगामागून आला. काकू ढिगाला वळसा घालून गेल्या. खोदकामाच्या यंत्राचा चालक कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्याच्या समोर काका गुडघ्यावर बसले होते. छत्रीचं टोक जमिनीला, मूठ कानाला. तरुणपणी ते असंच लोखंडी गज कानाला लावून जमिनीखालची गळती ऐकायचे.

"तुमचे का हे?" चालक म्हणाला. "यंत्रच चालू करू देत नाहीत, बाई. म्हणतात, आवाज होतो. मी विचारलं, काय म्हणतंय आजोबा पाणी? तर म्हणतात, तुझी तक्रार करतंय."

"अहो!" काकूंनी हाक मारली.

"श्श." काकांनी हात वर केला. मग वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्याचीच काकूंना खड्ड्याइतकी भीती वाटली. आता हे म्हणणार, या बाईंना विचारा.

"तू कशाला आलीस एवढ्या उन्हात?" काका म्हणाले.

काकू मातीच्या ढिगावरच बसल्या. चालकाने पाण्याची बाटली दिली. दोघं कपडे झटकून निघाले तसा तो मागून ओरडला, "उद्या येऊ नका आजोबा, तक्रारपेटी बंद आहे!"

घर वाटेतच होतं, पण काकू थांबल्या नाहीत. काकांचा हात धरून सरळ रेडिओवाल्याकडे.

"भाऊ, तुमच्या त्या झोपलेल्या फोनने आज माझा माणूस घालवला असता!"

"माणूस?" त्याने भिंग वर केलं. "फोन तुमचा होता ना? पडून असणारा?"

आजही दुकानात चार गिऱ्हाईकं होती. काकूंनी टेप गळ्यातून काढली, हाताला गुंडाळली, सोडली.

"यांचा आहे. हे विसरतात. रस्ता विसरतात, मला पण विसरतात कधीकधी. हा यांच्या खिशात असतो म्हणून मला कळतं कुठे आहेत ते. काल लाज वाटली सांगायला."

एकाने स्टूल सरकवून काकांना बसायला दिलं. रेडिओवाल्याने ओठांतला स्क्रू काढून डबीत टाकला.

"काकू, दात दुखतो म्हणून डॉक्टरला गुडघा दाखवलात तर तो तरी काय करणार?" पण आवाज खाली आला होता. त्याने बचत काढली, झोपवलेलं सगळं जागं केलं आणि बॅटरी कशात जाते ते पान उघडलं. "हे बघा. बाकी कुणी काही खात नाही. हे ठिकाणाचं अ‍ॅपच सगळं गिळतंय. तुमच्या फोनवर दाबा बरं एकदा."

काकूंनी दाबलं. गल्ल्याच्या काचेवर ठेवलेल्या काकांच्या फोनच्या कपाळावर एक बारीक बाण उजळला, थरथरला, विझला.

"बघितलंत? तुम्ही विचारलंत की हा दचकून उठतो, आभाळातून पत्ता काढतो, तुम्हाला धाडतो, मग निजतो. अपडेटच्या आधी हा आपला आपण, सवडीने सांगायचा. आता विचाराल तेव्हा सांगतो. दिवसातून किती वेळा विचारता?"

काकूंनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "धागा तोडला की."

"आणि धागे किती तोडता?"

काकूंनी ते बोट मुठीत लपवलं.

"काकू, इतक्या हाका मारल्या तर देवसुद्धा कानावर हात ठेवेल."

गिऱ्हाईकं हसली. काकूंचा चेहरा पडला. म्हणजे गळती आपलीच. आपल्याच भीतीने त्या माणसाच्या छातीवरचा फोन तापवला. त्यांनी आपला मोबाइल पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड आवळलं.

काका स्टुलावरून पुढे वाकून काचेवरच्या फोनकडे बघत होते. एकदम जुन्या, ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, "सगळे नळ बंद करा. मग मीटर बघा. हललं, तर गळती आहे."

"अगदी बरोबर, काका. काकूंनी नळ बंदच केलाय आता." रेडिओवाला हसून म्हणाला, आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. फोनच्या कपाळावर बाण उजळला होता.

"काकू, परत दाबलंत?"

"मी? माझा फोन पिशवीत आहे."

सगळे बघत राहिले. बाण विझला. जरा वेळ गेला. पुन्हा उजळला.

"अजून गळतंय," काका म्हणाले.

"हे आणखी कुणाच्या फोनवर दिसतं?" रेडिओवाल्याने विचारलं.

काचेवर तो बाण पुन्हा लागला, पुन्हा गेला. दूर कुठेतरी कुणीतरी बोट ठेवून बसलं होतं, आणि ते बोट काकूंना ओळखीचं वाटलं. त्याला सुई धरायला शिकवताना त्यांनीच ते धरलं होतं.

दुकानाच्या पायरीवर जाऊन त्यांनी थोरल्याला फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

"आई! काय झालं? बाबा सकाळपासून चौकात होते, आत्ता ठिपका एकदम उडाला."

"किती वेळा बघतोस रे?"

"बघतो अधूनमधून."

"थोरल्या."

मग त्याचा आवाज आला, शाळेतून पडून आल्यावर यायचा तसा. "टेबलाखाली धरून बघतो. जिन्यात जाऊन बघतो. साहेब बोलत असतात आणि मी... त्या दिवशी राखाडी झाला ना, तेव्हा गाडी काढून निघालो होतो, आई. अर्ध्या वाटेत होतो. निळा झाला म्हणून परत फिरलो."

"तू निघाला होतास? आणि मला विचारलंस, काही झालं नाही ना?"

"तू म्हणालीस, छे."

काकूंनी पायरीवर बसकण मारली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस. तू का नाही सांगितलंस?"

"तू कुलूप लावलं असतंस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मेलेला ठिपका, रिकामा बाक, पुसलेली झाकणं, तुटकी पट्टी, खड्डा. खड्डा गाळायचा मोह झाला, पण गाळला नाही. सांगून झालं आणि कुलूप कधी पडतंय याची वाट बघत त्या कान लावून बसल्या. 

"आई," थोरला म्हणाला, "मला इथे बसून काही करता येत नाही गं. दाबत बसणं आणि कुलूप म्हणणं, एवढंच माझ्या हातात आहे."

"माझ्या तरी काय आहे?"

"बाबा कुठे आहेत?"

"आत बसलेत. रेडिओवाल्याला मीटर शिकवतायत."

थोरला हसला की रडला ते कळलं नाही. रेडिओवाला तेवढ्यात पायरीवर आला होता. त्याने वाकून फोनमध्येच तोंड घातलं. "हे बघा, यात वस्तीची हद्द आखून देता येते. काकांचं पाऊल हद्दीबाहेर पडलं की तुम्हा दोघांचे फोन आपोआप बोंबलतील. मधल्या वेळात हा सवडीने सांगेल तेवढंच. दोघांनीही बोट खिशात ठेवायचं. नाहीतर मी रोज बॅटऱ्या बदलत बसतो, माझं काय जातंय!"

"आणि हद्द ओलांडली तर?" थोरल्याने विचारलं.

"तर मी धावेन," काकू म्हणाल्या. "आणि धावता धावता तुला सांगेन. लपवणार नाही. पण दाराला कुलूप नको, बाळा."

"नको," थोरला म्हणाला. मग थांबून, "मी पण लपवणार नाही."

त्या संध्याकाळी काकूंनी काकांचे सगळे शर्ट काढले. खिशावर, शर्टाच्या बाहेरच्या बाजूने, सहज दिसेल असा आपला नंबर लाल धाग्याने भरला. शेवटच्या आकड्याची गाठ मारताना हात जरा थांबला, पण गाठ मारली. न्हाव्याला, बेकरीवाल्याला, त्या खोदकामाच्या चालकाला सांगून आल्या. चालक म्हणाला, "मघाशीच सांगायचं ना बाई, मी त्यांना साहेब म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवशी चहा झाला, बूट झाले, बटण लागलं. काका छत्री घेऊन निघाले. काकूंनी मोबाइल पालथा करून रिळांच्या डब्यात ठेवला. धागा तोडला, बोट डब्याकडे गेलं. बोट परत आणलं, देवाचं नाव घेतलं, पुढची टीप घातली. धागा तोडला. नाव घेतलं. भीती कुठे गेली नव्हती, यंत्राशेजारी बसूनच होती. डब्यातून आवाज येतो का याकडे कान, फाटकाकडे कान, आणि टीप मात्र जरा वाकडी गेली. ती उसवून पुन्हा घातली. दूरच्या शहरात आणखी कुणीतरी हात खिशात घालून असंच बसलं असेल, हे आठवलं की जरा धीर यायचा.

जेवणाची वेळ झाली. फाटक वाजेना. काकू उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

फाटक वाजलं.

"भूक लागली," काका म्हणाले.

काकूंनी झडपेचं बटण काढलं आणि फोन बाहेर घेतला. गार होता. त्यांचे हात त्याहून गार होते.